उजवीकडचे दोन खण

कोल्हापूरहून परतलेल्या माणसाला आमच्या अमरावतीत दोनच प्रश्न विचारतात. रस्सा प्यालात का, आणि चपला आणल्या का. मी रस्सा प्याले नाही आणि चपलाही आणल्या नाहीत, त्यामुळे शेजारपाजारचे माझ्याकडे जरा संशयानेच बघताहेत. मी तिथे एक घर बघायला गेले होते. ते बघायला मिळालं नाही आणि त्याला बऱ्याच अंशी मीच जबाबदार आहे. हे आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं लिहिताना आडपडदा ठेवायला नको.

मी जन्मभर तंत्रनिकेतनात स्थापत्याच्या मुलांना आरेखन शिकवलं. सरळ रेघ, बारीक रेघ, तुटक रेघ. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, मी जुनी घरं मोजायला लागले. हातात टेप, पिशवीत ड्रॉइंगचे कागद, आणि तोंडाने ‘अहो, हे पाडू नका हो’ असा धोशा. ज्यांना त्या घरात राहायचं असतं त्यांना हा धोशा किती त्रासाचा वाटत असेल, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

आजऱ्याचं हे घर मी दोन वर्षांपूर्वी मोजलं होतं. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात नोकरीला आहे. त्याने कळवलं, ‘मॅडम, गावाबाहेर एका शेतकऱ्याचं लाकडी घर आहे, शंभर वर्षांचं तरी असेल, आणि आता उतरवणार आहेत, लवकर या.’ मी गेले, तीन दिवस राहिले आणि त्या घराच्या प्रेमात पडले. या वेळी त्याच घराचा दुसरा जन्म बघायला निघाले होते.

आजरा

आमच्या वऱ्हाडात जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, त्यावर लाकडं, त्यावर सपाट मातीचं छत. भिंत हीच घराची ताकद. आजऱ्याकडे पाऊस असा की मातीच्या भिंतीवर भरवसा ठेवला तर श्रावणापर्यंत घर अंगणात वाहून येईल. म्हणून तिथल्या सुतारांनी भिंतीवर काडीचंही ओझं टाकलं नाही. दगडी बैठकांवर, म्हणजे उथळ्यांवर, फणसाचे चोवीस खांब, खांबांवर किंजळीच्या तुळया, तुळयांवर माळा, आणि वर उतरतं कौलारू छप्पर. भिंती नंतर, आडोशापुरत्या. एखादी ढासळली तरी घर आपल्या पायांवर उभं.

चार खांबांच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतच्या जागेला खण म्हणतात. हे घर पाच खणांचं होतं. मधल्या खणात दार आणि सोपा, म्हणजे बसाउठायची पुढची जागा, डावीकडे दोन खण, उजवीकडे दोन. उजवीकडे म्हशी. होय, त्याच छपराखाली, कारण त्या पावसात जनावर बाहेर बांधायचं म्हणजे गमवायचंच. चुलीचा धूर माळ्यावर जायचा, त्याने भात सुका राहायचा आणि लाकडाला भुंगा लागायचा नाही. खिळा एकही नाही. खांबाच्या डोक्यावर कूस, म्हणजे लाकडाचीच जीभ काढलेली, तुळईत तिच्या मापाची खाच, आणि आरपार एक लाकडी खुंटी. प्रत्येक सांध्याजवळ छिन्नीने कोरलेली एक छोटी खूण होती. कुठे चंद्रकोर, कुठे फुली, कुठे नांगर. ज्या खांबावर नांगर, त्याच्याच तुळईवर नांगर. सुताराने सगळं जमिनीवर घडवलं असणार आणि मग खुणा जुळवत उभं केलं असणार. मला त्या खुणा फार गोड वाटल्या. त्यातल्या दिसायला सुंदर अशा चार-पाचांचे मी फोटो काढले आणि पुढच्या कामाला लागले.

घर शांताक्काचं. वयाने ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान, पण कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सगळ्या वाडीची ती अक्का, आणि दोन दिवसांत माझीही. तिच्या नवऱ्याला सगळे अण्णा म्हणतात. पावसाळ्याआधी कौलं फिरवायला अण्णा छपरावर चढले होते, तिथून ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून काठी घेऊन लंगडत चालतात. पहिल्या भेटीतच त्यांनी मला ऐकवलं होतं, “म्याडम, तुमी कवतिक करा. ह्या घरानं माझा पाय खाल्लाय.” त्यांना स्लॅबचं घर हवं होतं. अक्कालाही हवं होतं. दर वर्षी कौलं कोण फिरवणार, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता.

पण जुन्या लाकडाचा व्यापारी आला तेव्हा अक्काने त्याला सोप्यावरूनच परतवून लावलं. तो तुळयांचे तुकडे करून नेणार होता. तिचं म्हणणं साधं होतं. घर सोडायचं दुःख नाही, पण उभं बघितलेलं तुकडे झालेलं बघायचं नाही. कुणी जसंच्या तसं उभं करणार असेल तर न्यावं, नाहीतर ती लाकूड पावसात कुजू देईल.

आणि इथे मी मध्ये पडले. पेठ वडगावच्या एका व्यापाऱ्याने माझे नकाशे एका प्रदर्शनात पाहिले होते. जोतिबाच्या वाटेवर त्याचं पर्यटकांसाठी निवास बांधायचं चाललं होतं आणि त्याला खरंखुरं जुनं घर हवं होतं. मी दोघांची गाठ घालून दिली. अक्काने त्या शेठकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, “बाई, उभं ऱ्हाईल न्हवं?” मी म्हटलं, राहील, माझा शब्द. तिने माझ्या शब्दावर चोवीस खांब, सगळ्या तुळया आणि खालचे उथळेसुद्धा दोन ट्रकांत चढवून दिले.

यंदा फाल्गुनात शेठचा फोन आला, काम झालंय, येऊन बघा. मी अक्काला कळवलं आणि निघाले.

एसटीतून उतरले तर जुन्या जोत्यावर स्लॅबचं घर उभं. पिस्ता रंग, स्टीलचा कठडा, दारावर गणपतीची टाइल. आत उकडत होतं. अक्काने मला पंख्याखाली बसवलं आणि म्हणाली, मे महिन्यात तर आम्ही बाहेरच झोपतो. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. जेवायला घनसाळ भात होता. त्याचा वास शिजतानाच अंगणात येतो. ओल्या काजूंची उसळ होती आणि सोबत मिरचीचा खर्डा. खर्ड्याचा एक घास घेतला आणि मला उचकी लागली ती हात धुवेपर्यंत थांबली नाही. आमच्याकडे पाहुण्याला ‘घ्या ना जी’ म्हणतात. इथे वाढणारा ओरडतो, ताट मागे घेतलं तर आणखी ओरडतो, आणि शेवटी भात वाढूनच गप्प होतो. सुरुवातीला वाटायचं, हे लोक भांडताहेत. ते प्रेमाने बोलत होते.

तासाभरात शेजारच्या चार बायका आल्या. अक्काने सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं की तिचं घर जोतिबाच्या पायथ्याशी उभं राहतंय. चैत्रात वाडीतली माणसं यात्रेला जातात. ती जाता-येता तिच्या सोप्यावर टेकणार होती. कुणीकुणी टेकायचं हेही ठरलं होतं. एकीने विचारलं, आम्हाला आत सोडतील ना? अक्का म्हणाली, न सोडायला काय झालं, माझं घर आहे.

बघायला मात्र ती येणार नव्हती. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं असतं. लग्न झाल्यापासून ती आणि अण्णा दोघं मिळून दिवसभर कुठेच गेलेले नाहीत, एकाने म्हशींपाशी राहायचं असा त्यांचा नियम. आधी अण्णांना पाठवायचं ठरलं. पुढच्या खेपेला ती. अण्णा काही खुशीने निघाले नाहीत. पाय खाणाऱ्या घराला भेटायला कोण खुशीने जातं?

पेठ वडगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या विद्यार्थ्याने ठरवून दिलेल्या जीपने आम्ही वडगावला पोचलो. त्या दिवशी बाजार होता. गुळाच्या ढेपा, शेंगा, दोरखंड, आणि प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या वर. शेठ दुकानात भेटले. त्यांनी चहा पाजला, अण्णांना खुर्ची दिली, माझ्या नकाशांची तोंड भरून स्तुती केली. मग म्हणाले, “थोडा बदल केलाय, पण आवडेल तुम्हाला.” कसला बदल, असं मी विचारलं. बघाच, असं म्हणून त्यांनी गिऱ्हाईकाकडे तोंड वळवलं. जाताना वाटेत सुतारकामाची शेड आहे, मिस्त्रींना भेटून जा, एवढं मात्र सांगितलं.

शेडमध्ये म्हातारे गणपतराव मिस्त्री रंधा मारत बसले होते. घर उभं करायचं काम त्यांच्याकडेच होतं. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी रंधा खाली ठेवला आणि मला नीट पाहून घेतलं.

“नकाशावाल्या बाई तुमीच व्हय?”

मी हो म्हटलं. त्यांनी अण्णांना बसायला एक ठोकळा सरकवला, मला दुसरा दिला आणि जे सांगितलं ते असं.

लाकूड इथे आलं तेव्हा मिस्त्री गावी नव्हते, मुलीकडे गेले होते. शेठने पॉलिशवाल्याला बोलावलं. पॉलिशवाला मशीन घेऊन आला. शंभर वर्षांचा धूर लाकडावर बसलेला, तो त्याने घासून काढला. धुराबरोबर चंद्रकोर, फुली, नांगर सगळंच गेलं. त्या खुणा आहेत हे त्याला समजलं नाही. त्याला वाटलं, पोरांनी चाकूने खरवडलंय. त्याने कष्ट करून एकूण एक खूण साफ केली आणि लाकूड आरशासारखं करून दिलं. शेठ खूश झाले. मिस्त्री परत आले तेव्हा शेडमध्ये चोवीस गुळगुळीत खांब आणि गुळगुळीत तुळया रचलेल्या होत्या. कुणाचं नातं कुणाशी, कळायला मार्ग नाही.

“तरी म्हनलं, नकाशा हाय की,” मिस्त्री म्हणाले. “मापावरनं लावू.”

इथे माझे कान तापायला लागले होते.

मिस्त्रींनी माझ्या नकाशाप्रमाणे तुळया लावायला घेतल्या. डावीकडचे दोन खण बसले. मधला बसला. उजवीकडे काही केल्या बसेना. काही तुळया दीड हात जास्त, काही आखूड. त्यांनी शेठला सांगितलं, कागद चुकलाय, थांबा, मी लाकडाचं ऐकतो, महिना लागेल. शेठ म्हणाले, कागद चुकेल कसा, कॉलेजच्या मॅडमने काढलाय. तुम्हीच तुळया चुकीच्या लावताय. पाडव्याआधी उद्घाटन करायचं होतं. शेठने दुसरी माणसं लावली आणि जास्तीच्या तुळया माझ्या नकाशाबरहुकूम कापून घेतल्या. कापल्यावर खाचाच गेल्या. आखूड होत्या त्या लांब करता येईनात. मग सगळंच थांबलं.

“मी लई घरं उभी केली, बाई,” मिस्त्री म्हणाले. “लाकूड बगून कागद दुरुस्त करत्यात. कागद बगून लाकूड कापल्यालं पयल्यांदाच बगितलं.”

आता माझी चूक सांगते. आरेखनात एक सोय असते. वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर अर्धीच मोजायची, मध्ये एक तुटक रेघ मारायची आणि उरलेली अर्धी उलटी उतरवायची. वर्षानुवर्षं मी मुलांना हे शिकवलं, परीक्षेत यावर गुण दिले. अक्काच्या घरात मी डावे दोन खण आणि मधला खण बोटभर फरकाचंसुद्धा माप घेऊन काढले. उजवीकडे म्हशी होत्या, शेण होतं, खांबांना टेकून भाताची पोती रचलेली होती, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीची वेळ झाली होती. अक्का म्हणाली होती, पोती हलवते. मी म्हटलं, राहू दे, तिकडचं इकडच्यासारखंच असणार. मध्ये तुटक रेघ मारली आणि उजवे दोन खण घरी आल्यावर टेबलाशी बसून काढले. नकाशा फार देखणा झाला. त्याच्यावर सही करताना मला जरासुद्धा लाज वाटली नव्हती.

हे सगळं मी तिथे त्या दोघांसमोर सांगितलं. मिस्त्रींनी रंधा पुन्हा हातात घेतला. अण्णा काठीने भुशात रेघा काढत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं की उरलेलं लाकूड कुठंय. मिस्त्रींनी जोतिबाच्या दिशेने हात केला.

जोतिबाच्या वाटेवर

खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. मी तसं म्हटलंही. अण्णा म्हणाले, एवढं आलोय तर बघून जाऊ. यात्रा तोंडावर आली होती, डोंगरावरच्या दुकानदारांची गुलालाची पोती रस्त्याने वर चालली होती, आणि एक पोतं फुटल्यामुळे मैलभर डांबर गुलाबी झालं होतं. जीपच्या चाकांनी तो रंग उडून माझ्या साडीवर बसला. ड्रायव्हर म्हणाला, जोतिबाचा प्रसाद आहे, धुऊ नका. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला ते आवडलं असतं.

निवासाच्या दारात ‘पारंपरिक शेतकरी घराचा अनुभव’ अशी पाटी होती. आत शिरल्यावर समोर काचेच्या चौकटीत माझा नकाशा. खाली माझं नाव, पदासकट. त्याच्यावर खास दिव्याचा झोत सोडलेला. पाच खण, दोन्ही बाजू सारख्या, मध्ये तुटक रेघ.

जेवणाच्या दालनात अक्काचे खांब उभे होते. सिमेंटच्या छताला जेमतेम टेकलेले, कशाचंच ओझं नसलेले, दिव्यांच्या माळा गुंडाळलेले. मी एकाला हात लावला तर तो किंचित हलला. त्यांच्या मधल्या जागेत टेबलं मांडली होती. तुळया उभ्या चिरून, फळ्या जोडून, वर चकचकीत लेप दिलेली. एका टेबलाच्या मधोमध सांध्याची खाच तशीच ठेवली होती. तिच्यात कागदी रुमाल खोचले होते. कुणाला तरी ती कल्पना सुचली असेल आणि त्याचं कौतुकही झालं असेल.

अण्णा एकेका टेबलाजवळ जाऊन थांबत होते. कोपऱ्यातल्या एका टेबलावर त्यांचा हात बराच वेळ फिरला. तिथे लाकडाला दोन आडव्या घळी पडलेल्या होत्या, दोरीने पडतात तशा, आणि पॉलिशवाल्याच्या मशीनलाही त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी मला सांगितलं, हा पाळण्याचा दोर. त्यांचा बाप, ते स्वतः, त्यांची मुलगी, सगळी याच तुळईखाली झोपली होती. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या टेबलाशी बसले. वेटर आला, काय आणू म्हणाला. अण्णांनी दोन चहा सांगितले. चहा आला. कप मात्र त्यांनी टेबलावर ठेवला नाही. शेवटपर्यंत हातातच धरला होता.

उठताना ते म्हणाले, “कवलं वली हुती. मी घाई केली, निसटलो. घराचं काय चुकलंतं?”

ते त्यांनी मला विचारलेलं नव्हतं. मला रडू आलं. साठी उलटलेल्या बाईने अनोळखी हॉटेलात रडावं हे शोभत नाही, पण आलं खरं. व्यवस्थापक धावत आला आणि काही त्रास होतोय का, असं विचारू लागला. आम्ही आत शिरलो तेव्हा माझं नाव ऐकून, ते नकाशावरच्या नावाशी जुळवून माझ्यासोबत फोटो काढायला पुढे आला होता तो हाच. शेठवर मी चिडले होते, पॉलिशवाल्यावर चिडले होते. पण दोघांनीही कुणाला शब्द दिलेला नव्हता.

बाहेर येऊन अण्णांनी डोंगरावरच्या कळसाच्या दिशेने हात जोडले. वर जाऊन तिथल्या पायऱ्या उतरून देवळात जाणं त्यांना झेपलं नसतं. परतीच्या वाटेवर निपाणी मागे पडली. मग ते म्हणाले, “घरी तुमी काय बोलू नगा. काय सांगायचं ते मी सांगतो.”

पुन्हा आजरा

दिवस मावळायला बराच अवकाश होता. अक्का अंगणात वैरण कापत होती. जीप दिसताच विळा टाकून उठली, पदराला हात पुसले आणि आम्ही खाली उतरायच्या आत विचारलं.

“उभं हाय?”

“हाय की,” अण्णा म्हणाले. “जसंच्या तसं.”

मी मान हलवली. हेही माझ्या हातून झालं, तेही लिहून ठेवते. शब्दाने खोटं बोलायचं धाडस नव्हतं म्हणून मानेने बोलले.

अक्काचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिने पाणी आणलं, गूळ आणला आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. तोंड कुठल्या दिशेला केलंय? चूल ठेवलीय का? म्हशींच्या बाजूला काय केलंय? माळ्यावर जायला शिडी आहे का? अण्णा चार प्रश्नांतच अडखळले आणि म्हणाले, मला त्यातलं काय कळतंय, बाईंना विचार. तशी तिने आतून डेअरीचं जुनं कॅलेंडर आणलं, एक पान फाडून पाठची कोरी बाजू माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. म्हणाली, तुम्ही काढता ना, काढून दाखवा. मी आत्ता काही जायची नाही, निदान कागदावर तरी बघते.

काय करणार? मी काढायला बसले. डावीकडचे दोन खण काढले. मधला खण, दार, सोपा काढला. मग हात सवयीने आपोआप चालत राहिला आणि उजवीकडचे दोन खण काढून मोकळा झाला. अक्का शेजारी उकिडवी बसून पाहत होती. तिने उजव्या बाजूवर बोट ठेवलं.

“हे आमचं न्हवं.”

मी विचारलं, का?

मग ती सांगत गेली. अगदी टोकाचा खण बाकीच्यांपेक्षा दीड हात मोठा होता. तिच्या आजेसासऱ्याने तिला सांगितलं होतं की जंगलातून किंजळीचा एक ओंडका लांब आला, आणि सुतार म्हणाला, चांगलं लाकूड कापणार नाही, खण वाढवतो. म्हणून तिथे म्हशी आरामात वळायच्या. तो वाढला म्हणून त्याच्या अलीकडचा आखूड झाला. तिथे कणगी ठेवली की शेजारून आडवं होऊन जावं लागायचं, आणि मुलीच्या वेळी शेवटच्या महिन्यात ती तिथून जाऊच शकत नव्हती. उजवीकडून दुसऱ्या रांगेतला मागचा खांब चार बोटं पुढे होता, कारण सकाळचं ऊन जात्यावर यायला हवं होतं. कुठल्या खांबावर नांगर, कुठल्यावर चंद्रकोर, तिला तोंडपाठ. रोज पोतेऱ्याने पुसायची ना ती. हाताने, बोटाने, घागरीने, स्वतःच्या अंगाने तिने ते घर मोजलेलं होतं. मी सवयीने एकेक माप लिहून घेत गेले. तिचं सांगून संपलं तेव्हा त्या कॅलेंडरच्या पानावर उजवीकडचे दोन्ही खण बिनचूक उतरले होते. एवढ्यावर मिस्त्रींनी महिन्यात घर उभं केलं असतं.

“तितं असंच केलंय न्हवं?” तिने विचारलं. “का तुमी पयलं काडलं तसं?”

अण्णांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, “अक्का, उभं नाही. उभं केलेलंच नाही.”

आणि सगळं सांगितलं. पॉलिशची मशीन, कापलेल्या तुळया, टेबलं, काचेतला नकाशा. माझी तुटक रेघही सांगितली. काही लपवलं नाही, अण्णांनी हाताने थांबवायचा प्रयत्न केला तरी. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, नव्हे, तिने ओरडावं अशी माझी इच्छा होती. साध्या गोष्टीला सगळी वाडी ऐकेल एवढ्या मोठ्याने बोलणारी बाई, पण तिने आवाजही चढवला नाही. गोठ्यातून म्हशी ओरडू लागल्या होत्या. तिने कॅलेंडरचं पान उचललं, दोन्हीकडून पाहिलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“पोती हलवायची न्हवती तर न्हवती,” ती म्हणाली. “मी हितंच उभी हुती की, बाई. मला इचारायचं.”

आणि कासंडी घेऊन धार काढायला गेली.